तोफेचा खांदा

दोघी जोडीने बॅडमिंटन खेळतात तेव्हा नेटपाशी उभी असलेली मागे वळून बघत नाही. बघितलंच तर फूल नाकावर बसतं. शटलला आम्ही फूलच म्हणायचो. मग मागची काय मारणार हे पुढचीला कळायचं कसं? समोरच्या दोघींकडे बघून. त्यांचे गुडघे वाकले, रॅकेटी खाली आल्या, की समजायचं, आपल्या मागून जोराचा फटका येतोय. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दोऱ्याच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. कामानंतर हॉलमध्ये खेळून खेळून पायांना आपोआप कळायला लागलं. आता तेच पाय जिन्यावर कुरकुरतात, पण टीव्हीवर सामना लागला की नातवंडांच्या आधी मी म्हणून जाते, "आता ही आखूड टाकणार." आणि ती टाकते.

मागे असायची माझी धाकटी जाऊ, त्याच कारखान्यात गोदामाला. घरात ती शेंडेफळाची बायको, म्हणजे तिच्या हाताखाली कोणीच नाही. आमटीत मीठ घालायचं तरी सासूबाईंना विचारून. हॉलमध्ये मात्र तिला सगळे तोफ म्हणत. तिचा उजवा हात कानामागे गेला की समोरच्या बायका दात आवळून उभ्या राहत.

एका वर्षी गोदामात रिळांचं खोकं उतरवताना तिचा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, हात बरेच दिवस गळ्यात होता, आणि खेळायला परतली तेव्हा फटक्यातला जीव गेलेला. कारखान्यांची स्पर्धा तोंडावर आलेली. संघ निवडायचा स्टोअरकीपर. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची जागा पक्की आहे. तोफेचं मात्र मला सांगता येत नाही. शनिवारी टायपिस्टबाईंच्या जोडीशी एक सामना खेळा. हरलात तर त्यांच्यातली रंगखात्यातली उंच मुलगी तुमची जोडीदार."

"हे तिलाच सांगा ना."

"तिला सांगायची हिंमत तुमच्यातच आहे."

नळावर हात धुताना मी जावेला सांगितलं. ती म्हणाली, "उंच मुलगी चांगली खेळते." मग बराच वेळ बोटं चोळत राहिली. "जाऊबाई, तिथे नाही गेले तर मी नुसती घरातली धाकटी. मला जायचंय."

शनिवारी पहिला गेम आम्ही हरलो, आणि तो माझ्यामुळे हरलो. ती हात पूर्वीसारखाच मागे न्यायची, समोरच्या दोघी वाकून मागे सरकायच्या, आणि फूल मात्र नेटला लागून अलगद पलीकडे उतरायला लागायचं. त्या धडपडत पुढे येऊन ते कसंबसं आमच्याकडे ढकलायच्या. नेटपाशी असते तर मी ते दाबून मारलं असतं. पण त्यांचे वाकलेले गुडघे बघून मीही पाऊलभर मागे थांबलेली असायचे, जोराचा फटका परत येईल म्हणून. फूल माझ्या पुढ्यात जमिनीवर. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

पाणी पिताना ती म्हणाली, "तुम्ही कुठे बघता हो?"

"त्यांच्याकडे. नेहमीसारखी."

"त्यांना फसायचं तर फसू दे. तुम्ही कशाला फसता? तुम्हाला तर माहितीये."

"डोक्याला माहितीये. पायांना कोण सांगणार?"

"मग पायांना सांगा, ती तोफ गेली. आता तिची वाट बघू नका." हे तिने सरळ सांगितलं, भाजी संपली म्हणून सांगावं तसं. "आणि मला ओरडून सांगायला लावू नका. मी ओरडले तर त्यांनाही कळेल."

दुसऱ्या गेमला मी ठरवलं, समोरच्यांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे बोलायला सोपं. टायपिस्टबाईंचे डोळे आपल्या डोक्यावरून मागे बघत बारीक होतायत, त्यांची मान खांद्यात जातेय, आणि आपण मात्र काही येणारच नाही असं धरून पुढे जायचं. पाठीला मुंग्या येतात. पहिल्यांदा पुढे गेले तेव्हा मी खांदे आवळून डोळेच मिटले. फूल माझ्या कानाजवळून तरंगत गेलं. उंच मुलीने ते कसंबसं उचललं, आणि मी जवळून दाबलं.

"मिटल्या डोळ्यांनी मारता की काय?" मागून आवाज आला.

"तू गप्प खेळ."

दुसरा गेम आमचा. तिसऱ्यात उंच मुलीने ओळखलं. ती आता जावेच्या हाताकडे बघेना, आधीपासूनच नेटजवळ येऊन उभी राहायला लागली. तेवढ्यात त्याच हालचालीने जावेचं फूल उंच, पार शेवटच्या रेषेपर्यंत गेलं. मुलगी उलटी पळाली आणि पुन्हा मागे राहायला लागली. गुण सारखे होत होते. शेवटच्या गुणाला सर्व्हिस आमची होती. परत आलेलं फूल उंच उडालं. जावेचा हात वर गेला असणार, कारण समोरच्या दोघी एकदम वाकल्या. इतक्या खाली की क्षणभर मलाही वाटलं, आज ही खरंच मारणार. माझं पाऊल मागे जायला उचललंही गेलं होतं. तेच मी पुढे टाकलं. फूल नेटवरून घसरलं, टायपिस्टबाईंनी ते ढकललं, आणि ते सरळ माझ्या रॅकेटवर आलं.

स्टोअरकीपरने टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाला, "ठीक आहे, दोघींची नावं देतो."

टायपिस्टबाई बाकावर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी जावेला जवळ बोलावलं. "एक सांगा. शेवटपर्यंत मला वाटत होतं, आता मारणार. हात तसाच, कंबर तशीच, चेहरासुद्धा. एवढं बेमालूम लपवायला किती दिवस घासलंत?"

जाऊ बुटाची नाडी सोडत होती. उजव्या हाताला जमेना म्हणून मी वाकून सोडायला लागले.

"लपवत नव्हते हो," ती म्हणाली. "दर वेळी मारायलाच जात होते."