पुढच्या रविवारचे ड्रम

"काका, परत मागे पडलात!" हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "अकरावा टेक झाला हा. बाकी काही ऐकू नका, फक्त तालाचा क्लिक ऐका. क्लिक टक् म्हणाला की तुम्ही मारायचं. सोपं आहे."

सोपं आहे! एकतीस वर्षं ड्रम वाजवलेल्या माणसाला काचेपलीकडे बसून कोणीतरी सांगतोय, सोपं आहे. निवांतने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि काचेकडे पाहिलं. रेकॉर्डिस्ट कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं खुपसून बसला होता. त्याच्या शेजारी लंबूची मुलगी हाताची घडी घालून उभी होती आणि निवांतकडे बघायचं टाळत होती. तिचं ते टाळणं त्याला अकरा टेकांपेक्षा जास्त लागलं.

निवांत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते लंबूने ठेवलेलं. लंबू म्हणजे त्यांच्या बँडचा बासवाला. स्वतः सहा फूट दोन इंच, आणि त्याचा तो उभा बास, व्हायोलिनचा थोरला भाऊच, जवळपास त्याच्याच उंचीचा. दोघं लिफ्ट दुरुस्तीच्या एकाच कंपनीत. आठवडाभर लिफ्टच्या अंधाऱ्या भुयारात ग्रीसने हात बरबटवायचे आणि रविवारी रॉकबिली वाजवायची. जुनी, उड्या मारणारी नाचाची गाणी ती. त्यांना लागतं काय, तर एक गिटार, एक बास आणि ड्रमच्या नावाखाली एक स्नेअर नावाचा कडकडणारा छोटा ड्रम, एक पायाने वाजवायचा ढोल, एक झांज. लंबू बासची तार ओढून अशी सोडायचा की ती लाकडावर फाटकन आपटायची. आणि त्याला कायम घाई. जेवायची घाई, बोलायची घाई, तार आपटायचीही घाई. त्याची थाप केसभर आधी पडायची, निवांतची काठी केसभर नंतर. "ए निवांत, झोपलास काय?" असं तो भर कार्यक्रमात ओरडायचा. पण गाणं नाचायचं ते त्या तेवढ्याशा फटीतच, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. दोघांपैकी एक जरी सुधारला असता तरी बँडचं वाटोळं झालं असतं.

लंबूला जाऊन दीड वर्ष झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः रचलेलं एक गाणं रेकॉर्ड करायला घेतलं होतं. पहिल्या दिवशी नुसता बास झाला. निवांत समोर स्टुलावर बसून मांडीवर थापा देत होता आणि लंबू त्याच्याकडे बघत वाजवत होता. क्लिकबिक काही नाही. ड्रम पुढच्या रविवारी करायचे ठरले, पण मधल्या आठवड्यात त्या स्टुडिओला टाळं लागलं आणि तो रविवार काही उगवला नाही. ती टेप आता मुलीला कपाटात सापडली. तिने फोन केला, "निवांतकाका, बास बाबांचाच ठेवायचा, मी गाणार, आणि ड्रम तुम्ही वाजवायचे. दुसरं कोणी नको मला." लंबू गेल्यापासून निवांतने काठ्यांना हात लावला नव्हता. तो महिनाभर सकाळ-संध्याकाळ उशीवर सराव करत राहिला. बायको म्हणाली, एक उशी फाटली, आता माझी मागू नका.

आणि आज हात ऐकत नव्हता. हेडफोनमध्ये लंबूचा बास वाजत होता, आवाज त्याचाच, शंकाच नाही. पण निवांत जिथे पाऊल टाकायला जाई तिथे पायरीच नसे. धृपदाच्या आधी लंबू नेहमी सुसाट सुटायचा, म्हणून निवांतही पुढे झेपावला, तर लंबू आपला जागच्या जागी. दुसऱ्या ओळीत निवांत नेहमीसारखा रेलून बसला, तर रेलायला कोणी नाही.

"काका, राग मानू नका," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "पण कधी पुढे, कधी मागे असं होतंय तुमचं. वयाने होतं तसं. माझ्याकडे मशीनचे ड्रम आहेत, एक नंबर आवाज. दहा मिनिटांत लावून टाकतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही."

लंबूची मुलगी माईकपाशी वाकली. "काका, तुम्ही दमलात का? म्हणजे... तसंच करूया का?"

"पाच मिनिटं दे मला," निवांत म्हणाला आणि बाहेर पॅसेजमध्ये गेला.

तिथे पाण्याच्या कूलरला टेकून त्याने बायकोला फोन लावला. "माझा हात गेला गं," तो म्हणाला. "मशीन लावतायत माझ्या जागी. उशिरा वाजवतो म्हणे मी."

"मग? आयुष्यभर उशिराच वाजवलंत की!" बायको म्हणाली. "लग्नाच्या दिवशीसुद्धा पाऊण तास उशिरा आलात. आजच कोणाला टोचलं ते?"

"त्या रेकॉर्डिस्टला."

"आणि भाऊजींना?"

"लंबूला कसं टोचेल? तो टेपवर आहे."

"तेच विचारतेय मी. ते काय म्हणतायत टेपवर?" ती म्हणाली. "तुम्ही मागे राहिलात की ते खेचायचे तुम्हाला. आज खेचत नाहीत का?"

निवांतने कूलरला टेकलेली पाठ उचलली. खेचत नव्हता. सकाळपासून लंबूने त्याला एकदाही खेचलं नव्हतं. तो फोन न ठेवताच आत निघाला आणि काचेपलीकडच्या खोलीत शिरला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"नुसता बास लावा," तो रेकॉर्डिस्टला म्हणाला. "क्लिक बंद. तिसरं कडवं."

रेकॉर्डिस्टने मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली. बास सुरू झाला. टक्, टक्, टक्, टक्, शिस्तीत, शाळेच्या कवायतीसारखा. निवांतने डोळे मिटून पूर्ण कडवं ऐकलं.

"चूक कुठंय?" त्याने विचारलं.

"कसली चूक?"

"तिसऱ्या कडव्यात तो चुकला होता. मी समोर बसून तोंड वेंगाडलं आणि त्याला हसू आलं. त्याचा अंगठा घसरला, खालची तार मोकळीच घुमली. मी तिथेच होतो. कुठं गेली ती चूक?"

"अच्छा, ते होय!" रेकॉर्डिस्टचा चेहरा खुलला. कोणी कौतुक करणार असल्यासारखा तो सावरून बसला. "ते काढलं मी. आणि एकूणच बास फार पळत होता हो. ठोका न् ठोका क्लिकवर आणून बसवला, दोन रात्री गेल्या माझ्या त्यात. जिथे फारच गडबड होती तिथे पहिल्या कडव्याचा चांगला तुकडा उचलून चिकटवला. आता बघा कसा एकदम सरळ झालाय."

"सरळ!" निवांतचा आवाज इतका चढला की तो त्याचा त्यालाच नवा वाटला. एकतीस वर्षांत लंबूने त्याला एवढ्या शिव्या घातल्या, पण त्याचा आवाज कधी चढला नव्हता. "अहो, तो माणूस जन्मात कधी सरळ वाजला नाही, आणि तुम्ही तो मेल्यावर त्याला सरळ करताय? त्याला विचारलंत? मला विचारलंत? सकाळपासून मला म्हातारा ठरवलंत, हात गेला म्हणून सांगितलंत! मी वेड्यासारखा लंबूची वाट बघतोय त्यात, आणि लंबू त्यात नाहीच!"

"काका, आजकाल सगळे असंच करतात."

"करू देत! सगळ्यांना खुशाल सरळ करा. ह्याला नाही."

लंबूच्या मुलीने हाताची घडी सोडली होती. ती रेकॉर्डिस्टकडे बघत म्हणाली, "मी फक्त टेपची खरखर काढायला सांगितली होती."

"हो, पण मॅडम, एवढी घाई..."

"घाई म्हणजेच बाबा होते," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "जेवताना माझ्या ताटातला घास उचलायचे, का, तर मी हळू जेवते म्हणून. मूळ टेप आहे ना तुमच्याकडे? ती लावा. अगदी पहिल्यापासून. आणि काका, तुमची माफी मागते मी. मला कळायला हवं होतं."

निवांतने तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला. हेडफोन चढवले. आधी टेपची खरखर आली. मग थोड्या अंतरावरून, बावीस वर्षांपूर्वीच्या खोलीतून आवाज आला, "ए निवांत, झोपलास काय? चल! एक, दोन, एक-दोन-तीन..." चार म्हणायच्या आधीच पठ्ठ्या सुटला.

निवांतच्या काठ्या त्याच्या मागून निघाल्या. ना धड सरळ, ना धड झुलत, दोहोंच्या मधल्या त्या चालीत, जी कोणी कधी शिकवली नव्हती. धृपदाआधी लंबू सुसाट सुटला, तसा निवांत धावला आणि दोन ठोक्यांत पुन्हा मागे रेलला. ह्या वेळी रेलायला माणूस होता. तिसऱ्या कडव्यात अंगठा घसरला, तार घुमली, आणि निवांतने रिकाम्या खोलीत पुन्हा तसंच तोंड वेंगाडलं. काचेपलीकडे मुलगी रडत होती की हसत होती, ते त्याने पाहिलं नाही. शेवटची झांज हाताने धरून त्याने आवाज थांबवला.

टेप चालूच होती. बास भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, आणि मग लंबू धापा टाकत म्हणाला, "झालं माझं. पुढच्या रविवारी तू वाजव. आणि वेळेवर ये रे बाबा."

"आलो," निवांत म्हणाला. "आलो रे."

रेकॉर्डिस्टने घसा खाकरला. "काका, शेवटी तुम्ही काहीतरी बोललात. ड्रमच्या माईकमध्ये आलंय. तेवढं काढतो हं."

"काहीही काढायचं नाही," लंबूची मुलगी म्हणाली.

निवांत झांजेचं नट सोडवायला लागला. नट हातातून निसटून स्टुलाखाली गेलं. ते शोधायला तो खाली वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.