न लागलेलं दही

तुळसाबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी पाटलांच्या बांधावर उभं राहून खोटं बोलायची वेळ आली, तेव्हा तिला हातातल्या गडव्याकडेसुद्धा बघवेना.

"मालक, दही लागलंच नाई," ती म्हणाली. "राती थंडी लई होती नं."

उत्तमराव पाटलांनी गडव्यात डोकावून पाहिलं. आत दूधच होतं. समोर सगळं वावर कापसानं पांढरं झालं होतं आणि बांधावर बावीस बाया ओटी बांधून उभ्या होत्या. पण एकीचाही हात बोंडाला लागत नव्हता. पहिल्या वेचणीआधी कोपऱ्यातल्या झाडाला दहीभात दाखवायचा, सीतादही करायचं, मगच कापूस वेचायचा, ही रीत पाटलांच्या बापालाही चुकली नव्हती. आणि सीतादह्याचा मान बायांच्या पुढारणीचा, म्हणजे तुळसाबाईचा.

दही लागलं नव्हतं, कारण तिनं दुधात विरजण घातलंच नव्हतं. बाकीच्या एकवीसजणींनीही घातलं नव्हतं.

केनवडच्या रस्त्यावरच्या त्या खेड्यात पोरींची शाळा होती. एक खोली, एक मास्तरीण, जिजाबाई. सरकारनं खर्चाला कात्री लावली आणि वरून हुकूम आला, तपासणीला तीस पोरी हजर नसल्या तर शाळा बंद. पटावर चौतीस होत्या, त्यातल्या वीस या वेचणाऱ्या बायांच्याच. शाळा तपासणारे डिप्टी साहेब मंगळवारी येणार असं कळलं, आणि पाटलांनी वेचणीही नेमकी मंगळवारीच धरली. योगायोग म्हणायचा तर म्हणा बापडे. पाटील स्वतः शाळेच्या पंचांत होते. वर त्यांनी सांगून ठेवलं होतं, वेचणी लागल्यावर जिची पोरगी संगं नसेल तिला या हंगामात पात मिळणार नाही. पात म्हणजे वेचणारीच्या वाट्याची ओळ. ती गेली की घरातली वर्षाची जवारी गेली. शाळेशी पाटलांचं काही वाकडं नव्हतं हो! पोरींची बोटं बारीक, कापूस स्वच्छ निघतो आणि मजुरी निम्मी, एवढीच त्यांची माया.

तुळसाबाईची रुख्मिणी चौथीत होती. साऱ्या घराण्यात अक्षर ओळखणारी ती पहिली. पाटलीण प्रयागबाई मंगरूळपीरला दिलेल्या लेकीच्या चिठ्ठ्या तिच्याकडून गुपचूप वाचून घेत. आधी त्या पाटीलच वाचायचे आणि दर वेळी "सगळं खुशाल आहे" म्हणून घडी घालून ठेवायचे. रुख्मिणीनं पहिली चिठ्ठी वाचली त्या दिवशी पाटलीणबाई चुलीपुढे बसून रडल्या होत्या. शाळा बंद पडली तर रुख्मिणीचं शिकणं इथंच संपायचं, या विचारानं तुळसाबाईचा जीव तुटत होता.

तेव्हा बेत साधा होता. साहेबांनी तीस पोरी मोजल्या की जिजाबाई घंटा देणार आणि पोरी वावराकडे पळणार. तोवर वेचणी लागू द्यायची नाही.

ऊन अंगावर आलं, पण घंटा वाजेना. साहेबांची बैलांची दमणी रिसोडहून निघाली तरी होती की नाही, कोण जाणे.

"रुपे, तुह्या घरी दही असंन?" पाटलांनी विचारलं.

"नाई जी. आमचंबी नाई लागलं."

"कमले, तुह्याकडे?"

"नाई मालक."

चौथ्या बाईच्या तोंडूनही तेच ऐकल्यावर पाटील हसले. ते हसू काही चांगलं नव्हतं. त्यांनी गड्याला हाक मारली. "नथ्थू, घरी जाय. मालकिणीकून दह्याचं गाडगं घेऊन ये."

पाटलांच्या गोठ्यात चार म्हशी. त्या घरात दही नाही असा दिवस उगवत नव्हता. सगळ्या बायांना तुळसाबाईनं विरजण घालू नका म्हणून सांगितलं, पण पाटलाच्या बायकोला पाटलाविरुद्ध सांगायला तिची जीभ रेटली नव्हती.

गडी गेला. रुपाबाई कानाशी लागली, "पोरी बलावून घेऊ तुळसे. माही पात गेली तं खाऊ काय?"

"नथ्थू येईलोक थांब."

"त्यानं दही आनलं म्हंजे?"

तुळसाबाईनं रुपाबाईचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

नथ्थू आला. गाडग्यावर फडकं बांधलेलं होतं. "सोड," पाटील म्हणाले. तुळसाबाईला गाठ लवकर सुटेना. शेवटी फडकं निघालं.

आत दूध होतं.

"मालकीन म्हने, आपल्याबी घरी लागलं नाई," नथ्थू खाली बघून म्हणाला. "थंडी लई होती म्हने."

पाटलांचा चेहरा लाल झाला. "कायचं सीतादही घेऊन बसल्या! मीच करतो सुरू." ते तरातरा वावरात शिरले आणि पहिल्या झाडाच्या बोंडाला त्यांनी चिमटीत धरलं. कापूस ओढायला एक हिसका पुरे होता. पण ती चिमटी तशीच राहिली. मेलेला बाप आठवला की देवीची भीती वाटली, त्यांचं त्यांना माहीत. त्यांनी हळूच बोंड सोडलं.

तेवढ्यात घंटा वाजली. खणखणीत, थांबायचं नाव न घेता. जिजाबाईंच्या अंगात वारंच शिरलं असावं. तुळसाबाई मटकन बांधावर बसली आणि लाज न बाळगता रडली.

घंटा थांबायच्या आत पायवाटेनं प्रयागबाई येताना दिसल्या. डोईवर पदर, हातात गाडगं. पाटलीण कधी वेचणीच्या वावरात येत नसे. त्यांनी गाडगं तुळसाबाईपुढे ठेवलं. दही असं घट्ट की वर बोट उमटावं.

"हे कवा लावलं?" पाटलांनी विचारलं.

"राती," प्रयागबाई साऱ्यांसमोर म्हणाल्या.

सीतादही झालं, बाया पातीला लागल्या. पोरी शाळेकडून धापा टाकत पळत आल्या. त्यांत रुख्मिणी दिसली, तशी प्रयागबाईंनी कंबरेला खोचलेली चिठ्ठी काढली.

"लेकीची आली हाय आज. इथंच बसून मोठ्यानं वाच माय, साऱ्याइले आयकू येईन अशी," त्या म्हणाल्या आणि पदराची ओटी बांधू लागल्या. "तुही पात तवरोक म्या धरतो."