पिवळ्या क्रेनच्या मागची इमारत

पत्ता विचारला की या नव्या शहरात जो तो एकच सांगायचा: पिवळ्या क्रेनच्या मागची इमारत. रस्त्यांना नावं नव्हती, इमारतींचे नंबर बिल्डरने दोनदा बदलले होते, आणि मोबाइलच्या नकाशात त्यांच्या घराच्या जागी अजून शेतच होतं. दूधवाला, गॅसवाला, अगदी सासूबाईसुद्धा क्रेन बघूनच यायच्या.

म्हणून दुपारी बाळाची छाती घरघरायला लागली, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला आईनेही तेच सांगितलं. नवरा महानगरात, ऑफिसात. यायला दोन तास. जाहिरातीतलं हॉस्पिटल अजून फलकावरच होतं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. "ताई, क्रेनच्या मागेच उभा आहे. इथे नुसता खड्डा आहे हो!"

ती गॅलरीत धावली. समोर क्रेन नव्हतीच. सोमवारी ती पलीकडच्या प्लॉटवर नेली होती. तिनेच बाळाला कडेवर घेऊन क्रेनला टाटा करायला लावलं होतं. पांढरी गाडी इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यापलीकडे, काडेपेटीएवढी दिसत होती.

"वळून या ना दादा!"

"रस्ता खणलाय. फिरून यायला अर्धा तास."

बाळाचे ओठ निळसर पडले होते. फोन तिथेच टाकून, बाळाला उचलून ती सात मजले अनवाणी उतरली.

"मॅडम, तिकडून वाट नाही!" वॉचमन ओरडला.

"मग एवढी माणसं आणलीत कशाला राहायला?"

"मी कुठे आणली? मलाच आणलंय!" असं म्हणत तोही मागे धावला.

कामगारांनी खड्ड्यावर टाकलेल्या फळ्यांवरून ती पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचली. डोक्यापेक्षा उंच पत्रे. वरून अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याचे दोन हात आले. "द्या इकडे. गाडीत ऑक्सिजन आहे."

"आणि मी?"

"गेट पार त्या टोकाला आहे. थांबू का तुमच्यासाठी?"

तिने बाळाच्या छातीकडे पाहिलं. "नका थांबू."

वॉचमनने तिला कमरेला धरून उचललं. तिने बाळ वर केलं आणि त्याचं वजन हातातून गेलं.

"वय?"

"अकरा महिने! पालथा नका झोपवू त्याला, घाबरतो!"

दार आपटलं, भोंगा सुरू झाला. कुठल्या हॉस्पिटलात, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ती पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवत, आवाज जाईल त्या दिशेने, गेटाकडे धावत सुटली.