थेंब मोजायचं काम

शेवटचा साधा दिवस गुरुवार. सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात वही उघडून मी माझ्या बाबांना आकडा वाचून दाखवला. एकशे अठरा. माझ्या मुलीला शेवटची फिट येऊन एकशे अठरा दिवस झाले होते, आणि तिचं फिटचं औषध मी बंद केल्याला एकशे दोन. बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून छोट्या कपातून तिला थेंब पाजत होते. मान वर न करता ते म्हणाले, "छान. लिहून ठेव."

मी म्हटलं, लिहिलंय की.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि कप विसळायला उठले. गुडघे कुरकुरले तशी भिंगरी हसली. तिला त्या आवाजाची भारी गंमत वाटायची.

भिंगरी हे नाव बाबांनीच ठेवलेलं. ती सात वर्षांची आहे आणि दिवसातला बराच वेळ स्वतःभोवती गिरक्या घेण्यात घालवते. शब्द मोजून अकरा. त्यातले तीन 'नको'चेच प्रकार आहेत. तिचं बोलणं, चालणं, समजणं सगळं उशिरा येतंय, काही येणारही नाही, असं डॉक्टरांनी ती तीन वर्षांची असताना सांगितलं. त्या अवस्थेला त्यांनी एक लांबलचक नाव दिलं. मी ते घरी पोहोचेपर्यंत पाठ केलं. काही सोसवेनासं झालं की मी त्यावरचं पुस्तक शोधते. पाचव्या वर्षी फिट सुरू झाल्या, तेव्हा मी चार पुस्तकं शोधली.

मी वाचनालयाच्या संदर्भ विभागात काम करते. अमुक खरं आहे का, असं लोक येऊन विचारतात. मी त्यांना तीन पुस्तकं काढून देते आणि एकाच ठिकाणी वाचलेल्यावर भरवसा ठेवू नका म्हणून बजावते. माझ्या टेबलावर तशी पाटीच आहे. अक्षर माझं.

असल्या बाईने मुलीचं दूध बंद केलं, मग गहू बंद केला, मग पोरगी नुसता भातच खायला लागली तेव्हा दोन्ही पुन्हा सुरू केलं. तिच्या मनगटात तांब्याचं कडं घातलं. ते तिने संडासात टाकलं. एका बाईंनी तिच्या डोळ्यांत भिंगातून पाहून यकृताबद्दल काहीतरी सांगितलं. भिंगरीने ते भिंग हिसकावून घेऊन त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दोघींपैकी कुणाला जास्त दिसलं, ते सांगता येणार नाही.

या सगळ्यानंतर थेंबवाला भेटला. हेही नाव बाबांचं. त्याच्या पदव्या दारावरच्या पाटीत दोन ओळींत मावत नव्हत्या. आमच्या डॉक्टरांनी गेल्या खेपेला मला नऊ मिनिटं दिली होती. थेंबवाल्याने सव्वा तास दिला. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. माझं बोलणं कुणी इतका वेळ ऐकून घेतलं की तो माणूस मला विद्वान वाटायला लागतो. शेवटी त्याने एक निळी बाटली दिली. दहा थेंब अर्ध्या कप पाण्यात, सकाळ-संध्याकाळ. अट एकच. फिटचं औषध बंद करायचं, कारण ते थेंबांना आत शिरू देत नाही.

औषधाने भिंगरी सुस्त झाली होती, हे खरं होतं. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. गिरक्यासुद्धा कमी झाल्या. आणि एवढं करून औषध चालू असतानाच एक फिट येऊन गेली होती.

मी आणि नवऱ्याने रीतसर विचार केला. म्हणजे मी एका कागदावर दोन रकाने आखले आणि दोन्ही मीच भरले. तो लिफ्टची तपासणी करतो. कागद वाचून तो म्हणाला, "आम्ही लिफ्टचा दोर बदलताना आधी नवा लावतो, मग जुना काढतो."

"ती लिफ्ट नाहीये," मी म्हणाले.

"लिफ्ट असती तर मला काहीतरी कळलं असतं," तो म्हणाला, आणि निर्णय माझ्यावर सोपवून मोकळा झाला.

राहिले बाबा. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहत. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिलेले. लोकांच्या चिठ्ठ्या वाचायच्या, बाटल्यांवर वेळ आणि मात्रा लिहून द्यायच्या. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, हुंगली, आणि म्हणाले, "यात पाणी आहे. त्याला माझी हरकत नाही. पण तिचं औषध असं एकदम तोडू नकोस. डॉक्टरांना सांग की पोर सुस्त होते."

मी त्यांना डॉक्टरांच्या अहंकाराबद्दल एक परिच्छेद ऐकवला. मग औषधं बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल एक. त्यातलं बरंचसं खरंही होतं, फक्त भिंगरीशी त्याचा संबंध नव्हता. लहानपणापासून बाबांशी वाद घालून मी जिंकत आले. ते बारावी झालेले, मी दोन विषयांत एम. ए. तासाभराने ते गप्प झाले. ते गप्प झाले की मी जिंकले असं आमच्या घरात धरलं जाई. धरणारी मीच.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बरं. थेंब मोजायचं काम मला दे. तुझा हात हलतो."

मला केवढा आनंद झाला. त्यांना पटलं, असं मी वहीत लिहिलं.

पुढचे साडेतीन महिने म्हणजे माझ्या विद्वत्तेचा सुवर्णकाळ. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला बाबा भिंगरीला घेऊन बसत आणि मी वही घेऊन. फिट शून्य. दिवसाची झोप कमी. दुसऱ्या महिन्यात एक नवा शब्द. मी आलेख काढला. चढती रेघ काय सुंदर दिसते. त्याच्या प्रती काढून स्पीच थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर वाटल्या. दर मंगळवारी तिथे आम्ही सहा-सात आया बसतो. आत मुलं 'आ' म्हणायला शिकतात, बाहेर आम्ही एकमेकींना उपाय सांगतो. मी उपाय सांगत नाही, पुरावा देते, असं मी तिथे म्हणाले होते. तुलना केल्याशिवाय पुरावा होत नाही, हेही.

शुक्रवारी दुपारी बाबा केस कापायला गेले आणि खुर्चीतच गेले. न्हाव्याला वाटलं, डुलकी लागली. त्याने उरलेले केस नीट कापले, मानेवरून ब्रश फिरवला, आणि मग हाक मारली. त्याने हे मला सांगितलं तेव्हा तो रडत होता. केस छान कापलेत, असं मी त्याला सांगितलं. ते खरं होतं.

शनिवारी सगळं आटोपलं. माणसं आली, गेली. थेंब मी विसरले नाही. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दोन्ही वेळा दहा-दहा मोजून दिले. हात हलला, पण दिले.

रविवारी सकाळी भिंगरीला फिट आली. आधीच्या फिट दोन मिनिटांत थांबायच्या. ही थांबेना. हॉस्पिटलात पोहोचल्यावर सुईने थांबवावी लागली. तोपर्यंत तिचे ओठ जांभळे झाले होते, आणि मी घड्याळात बघून वेळ मोजत होते, कारण मला तेवढंच येतं.

दुपारी आमचे डॉक्टर आले. रक्ताचा रिपोर्ट हातात होता. औषध किती वेळा चुकलं, असं त्यांनी विचारलं. मी ताठ बसून सांगितलं की चुकलं नाही, साडेतीन महिन्यांपूर्वी मीच विचारपूर्वक बंद केलं.

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. "रक्तात आहे अजून," ते म्हणाले. "कमी आहे, पण आहे. दोनेक दिवसांपूर्वीपर्यंत तिला मिळत होतं. आजोबा कुठे आहेत?"

मी सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी एकेक सांगितलं आणि मी ऐकलं. मध्ये न बोलता मी कुणाचं इतकं ऐकल्याचं मला आठवत नाही. महिन्यातल्या एका शनिवारी, मी वाचनालयात आणि नवरा कामावर असताना, बाबा भिंगरीला त्यांच्याकडे घेऊन येत. मला हे ठाऊक आहे असंच डॉक्टर धरून चालले होते. पहिल्याच भेटीत बाबांनी सांगितलं की पोर दिवसा झोपते. त्यावर डॉक्टरांनी सकाळची मात्रा कमी केली, संध्याकाळची वाढवली. एवढंच. दोन मिनिटांचं काम. मी त्यांच्यासमोर नऊ मिनिटं वैद्यकशास्त्राच्या मर्यादांवर बोलले होते. मुलगी झोपते, हे सांगायचं राहून गेलं होतं.

घरी येऊन मी बाबांचं कपाट उघडलं. बुटांच्या पॉलिशमागे औषधाची बाटली होती. वर पट्टी चिकटवलेली, दुकानात चिकटवत तशी. भिंगरीचं नाव, सकाळ एवढं, संध्याकाळ एवढं, बाटली उघडल्याची तारीख. शेजारी डॉक्टरांची चिठ्ठी. आणि माझ्या थेंबांची एक जुनी निळी बाटली, तिच्यावरही पट्टी: 'आठ दिवस स्वतः घेतले. अपाय नाही.' म्हणजे थेंबही ते देत होते. मी सांगितलं होतं म्हणून. त्याच कपात, औषधाबरोबर.

मग मी माझी वही काढली. बारावा दिवस: 'थेंब घेताना तोंड वाकडं करते. चवीची जाणीव जागी होत असावी.' पोरीला औषध कडू लागत होतं आणि मी तिच्या मज्जासंस्थेवर निबंध लिहीत होते. एकविसावा दिवस: 'बाबा देण्याआधी कप हलवतात. जुनी सवय.' तिसावा, चौतिसावा, चाळिसावा. सगळं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, तारीखवार. मी तीन वेळा वाचलं. तीन पुस्तकांचा नियम मी स्वतःला लावला असता, तर पहिल्या पानावर कळलं असतं.

बाबांनी मला सांगितलं का नाही, ते मला माहीत नाही. सांगितलं असतं तर मी ती बाटली ओतून दिली असती, हे मात्र माहीत आहे. त्यांनाही असावं.

भिंगरी सोमवारी संध्याकाळी घरी आली. औषध आता नवरा देतो. मंगळवारी तिला त्याच्याजवळ ठेवून मी एकटीच थेरपीच्या ठिकाणी गेले. दोन आठवडे येणार नाही, एवढं ऑफिसात सांगायचं आणि बाकड्याकडे न फिरकता मागच्या दाराने निघायचं, असा माझा बेत होता. बाकीचं पुढे कधीतरी, नीट शब्दांत लिहून कळवू, असं मी स्वतःला समजावत होते. माझ्या भ्याडपणालाही मसुदा लागतो.

मागच्या दारातच आमच्या बाकड्यावरची जुळ्यांची आई भेटली. तिच्या दोन्ही मुलींना फिट येतात. तिला बाबांचं कळलं होतं. तिने माझा हात धरला. मग पर्समधून माझा आलेख काढला. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.

"तुमच्यामुळे धीर आला हो ताई," ती म्हणाली. "कालपासून धाकटीचं औषध बंद केलं. मोठीचं चालू ठेवलंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, तुलना पाहिजे म्हणून."

 खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की सध्या माझ्या घरी दुःख आहे, आज एवढं बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून कुणी करणार नाही. हा विचार मी दोन-तीन सेकंद केला असेन. तेवढ्यात आतून तिच्या मुलींचा आवाज आला. दोघी 'आ' म्हणत होत्या. कुठली मोठी, कुठली धाकटी, मला ओळखता येईना.

"आत्ताच्या आत्ता तुमच्या डॉक्टरांना फोन लावा," मी म्हणाले. "काल किती वेळा चुकलं, आज किती, ते सांगा आणि पुढे काय करायचं ते विचारा. ते सांगतील तसं सुरू करा."

"का हो? काय झालं?"

"भिंगरीला रविवारी फिट आली. थांबत नव्हती."

"अगं बाई. पण थेंब तर..."

"थेंबांनी काही झालेलं नाही. तिचं औषध कधी बंदच नव्हतं. बाबा देत होते, मला न सांगता. ते गेले आणि ते बंद झालं."

तिने आलेखाकडे पाहिलं. "म्हणजे हे खोटं?"

"रेघ खरी आहे. ती औषधाची आहे. मी तिच्यावर नाव भलतंच लिहिलं."

तिने फोन काढला. नंबर मीच शोधून दिला. तिकडे घंटी वाजत असताना तिने फोनवर हात ठेवून विचारलं, "आणि त्यांनी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही? एवढे साडेतीन महिने?"

"औषध तोडू नकोस, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी तासभर वाद घातला. ते बरोबर होते. माझं चुकलं."

बाकड्यावरच्या दोघी-तिघी आवाज ऐकून दाराशी आल्या होत्या. त्यांना नीट ऐकू गेलं नसेल, असं वाटून मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"माझं चुकलं, बाबा."