नवव्या नियमाचा कोट

भाचीने नियम लिहून आणले तेव्हा सगळ्यात जास्त खूश मीच झाले होते, हे आधीच कबूल करते.

चाळीस वर्षं कोट शिवतेय मी. गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान अर्धा दिवस केलं, आणि भाचीच्या नादाने माझी बेतण्याची रीत इंटरनेटवर चढवली. तुम्ही मापं भरा, कोटाचे भाग आखून मिळतील, कागदावर छापा आणि कापड कापा. सगळं फुकट. भाची वकील, तिला फुकट या शब्दाचीच धास्ती. म्हणाली, मावशी, फुकट घेणारा माणूस सगळ्यात आधी भांडायला येतो. म्हणून अकरा नियम.

नववा तर काय फर्मास होता! या सेवेमुळे काहीही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. कोर्टाने ठरवलंच, तर तुम्ही आम्हाला दिलेल्या रकमेइतकीच भरपाई मिळेल. आता दिलेली रक्कम किती? शून्य. मी इतकी हसले की तोंडातल्या टाचण्या पोटात जायच्या राहिल्या. खाली एक चौकोन होता, वाचलं आणि मान्य आहे म्हणायला. त्यावर सगळे डोळे मिटून टिचकी मारतात. मी तरी दहावा नियम कुठे वाचला होता?

दोन महिने छान गेले. शिंपी लोक कौतुकाची पत्रं पाठवायचे, मी दुकानभर मिरवायची. मग एका बसचालकाचं पत्र आलं. त्याच्या मुलीचा पदवी घेण्याचा समारंभ रविवारी होता. त्या दिवसासाठी बायकोने निळं कापड घेऊन ठेवलं होतं, आणि कोट शिवायच्या आधीच ती गेली. म्हणून त्याने स्वतः शिवला. सुई कधी हातात न धरलेला माणूस, पण आखल्या रेघेवर अगदी बरोब्बर कापलं होतं. आता कोट मुलीला काखेत इतका घट्ट होता की हात खांद्याच्या वर जाईना. कापड तेवढंच होतं.

शेवटी लिहिलं होतं, "तुमचे अकराही नियम वाचले. जबाबदारी तुमची नाही, हे समजलं. माझं काय चुकलं तेवढं सांगाल का? मुलीला सांगायला हवं."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. शिवणीत आत जाण्यासाठी रेघेच्या बाहेर बोटभर कापड जास्त सोडायचं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. आमच्या दुकानात हे कुणी कुणाला सांगत नाही, कात्री आपसूक तेवढी बाहेरून चालते. मग मी तरी कुठे लिहिणार? शिंप्यांचं निभावलं. बिचारा बसवाला, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

भाचीला फोन केला. तिने निक्षून सांगितलं, हळहळ व्यक्त कर, पण चूक आपली असं अक्षरसुद्धा लिहू नकोस, नाहीतर नववा नियम गेलाच म्हणून समज. मला अस्सा राग आला! तिचा नाही, माझाच. हा नियम ऐकून खिदळले होते मी.

"अगं, त्याची बायको दुसरं कापड आणून देणार आहे का?" मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

त्याला दोनच ओळी लिहिल्या. चूक माझी आहे. कोट घेऊन या.

शुक्रवारी सुट्टी टाकून तो आला, मुलीलाही घेऊन. टाके वाकडे होते, पण एकही सुटलेला नव्हता. मी दोन्ही कुशी उसवल्या. तेच निळं मिळणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्याकडचं काळं लोकरी कापड काढलं, काखेपासून कमरेपर्यंत पट्ट्या घातल्या आणि बाह्यांतही तेवढीच भर घातली. मुद्दाम ठेवल्यासारखंच दिसत होतं. पाठीवरची त्याची शिवण मात्र उसवली नाही, तशीच राहू दिली. मुलीने ती बोटाने चाचपून पाहिली.

निघताना त्याने विचारलं, किती द्यायचे? मी म्हटलं, नववा नियम वाचलाय ना? मग शून्य. गडी पहिल्यांदा हसला.

त्याच संध्याकाळी भाचीला बसवून पानाच्या अगदी माथ्यावर ठळक ओळ घालायला लावली: रेघेच्या बाहेर चारी बाजूंनी बोटभर माया सोडा, आधी लिहायची राहिली, चूक माझी. तिने कपाळाला हात लावला. शेवटचे दोन शब्द तरी गाळ म्हणाली. मी ऐकते होय!

सोमवारी फोटो आला. पदवीची गुंडाळी धरून पोरीने दोन्ही हात थेट डोक्याच्या वर नेलेत आणि तोंडभर हसतेय. मी फोटो भाचीपुढे धरला.

"काखा बघ," मी म्हटलं. तिने फोटो हातात घेऊन जवळून बघितला. मग म्हणाली, मावशी, राहू दे ते दोन शब्द.