एकाच जागी पडलेला अश्रू

चिझुरूच्या कार्डांच्या दुकानातून रिकाम्या हातानं परत जाणं कठीणच. कागद गावातल्या गेन्साकूकाकांनी घडवलेला, ठसे तिनं स्वतः लाकडात कोरलेले. पार क्योतोहून गिऱ्हाईक यायचं. सगळ्यात जास्त खप सांत्वनाच्या कार्डाचा. जपानातली जुनी रीत अशी, की शोकपत्र फिक्या शाईनं लिहायचं, अश्रू मिसळून शाई पातळ झाली असं समजायचं. पण हल्ली शाईची कांडी पाण्यात उगाळायला सवड कुणाला? आणि लिहायचं काय, हा प्रश्न तर तुम्हाआम्हा सगळ्यांनाच पडतो! चिझुरूनं तो सोडवून टाकला होता. मजकूर तयार, शेवटच्या ओळीवर अश्रू पडून फिसकटल्यासारखा डाग. तो डाग कोरताना ती स्वतःवरच खूश झाली होती. घेणाऱ्यानं खाली फक्त सही करायची.

हिवाळ्याच्या तोंडाशी गेन्साकूकाकांची बायको, फुमिएकाकू, गेली. चिझुरूला कागदाचं वेड लावलं ते काकूंनीच. पण नववर्षाच्या कार्डांची घाई होती. तिनं फळीवरचं एक कार्ड काढलं, सही केली, पाठवून दिलं.

महिन्याभरानं ती काकूंच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला गेली. काकांनी चहा ओतला.

"तुझं कार्ड पोचलं हं."

"काका, यायला उशीरच झाला..."

"असू दे. छान होतं. सातही छान होती."

"सात?"

काकांनी सात कार्डं ओळीनं मांडली. मजकूर तोच, आणि सातांवरही तोच अश्रू, त्याच अक्षरावर!

"फुमिए म्हणाली असती, काय शिस्तीची माणसं! रडलीसुद्धा एकाच जागी." काका हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.

चिझुरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लोकांना सुचत नाही, काका. म्हणून मी..."

"अगं, काही न सुचणं हेच तर दुःख! 'काय लिहू कळत नाही' एवढंच लिहिलं असतंस, तरी दहादा वाचलं असतं मी. तुझं कार्ड कुठलं, ते सही बघून शोधावं लागलं मला. आणि कागद? तिनंच गारठलेल्या पाण्यात बसून त्याच्यासाठी झाडाची साल निवडली होती."

घरी येऊन चिझुरूनं शाई उगाळली. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर लिहिलं, "काका, लहानपणी मी तुमच्या ओल्या कागदावर पंजा उमटवला होता. काकू रागावल्या नाहीत. मला त्यांची फार आठवण येते." मग तिनं तो अश्रूचा लाकडी ठसा घेतला आणि रंधा मारून कोरा केला.

आता तिची शोककार्डं कोरी असतात. "काय लिहू?" असं कुणी विचारलं, की ती म्हणते, "त्यांची एक आठवण लिहा. वेडंवाकडं चालेल." कार्ड खुशाल विकत घ्यावं, पण दुसऱ्याच्या दुःखात दोन शब्द तरी आपले हवेत, हे ती उशिरा शिकली.

तिच्या त्या पत्राला काकांचं उत्तर आलं होतं. एकच ओळ. "तो पंजाचा कागद तिनं जपून ठेवलाय, बघायला ये."

ते वाचून चिझुरू ढसाढसा रडली. तिचा तो कोरलेला अश्रू मात्र आजवर किती घरांत गेला असेल, या विचारानं अजूनही तिची मान खाली जाते.