तापाची घडी

अर्ध्या घाटात ट्रक पुन्हा खोकला, दोन हिसके देऊन गप्प झाला. बेर्मेतनं आधी मांडीवरच्या बाळाच्या नाकापुढं बोट धरून पाहिलं, श्वास जाणवला तेव्हाच खिडकीबाहेर नजर टाकली. नवरा, एल्चिबेक, हिवाळ्यात वारला, तेव्हापासून तिचा कशावरच भरवसा राहिला नव्हता.

मागं हौद्यात लोकरीच्या नमद्याचा तंबू, कढया, कुमीसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पखाल. सगळा संसार कुरणावर निघाला होता. सासरे तुर्सुनआली खाली उतरले. मेंढ्यांची गाडी घेऊन मागून येणारा शेजारी ओरोझही थांबला.

"काका, तुमच्या ट्रकला माझ्या सासूसारखा दमा आहे," तो म्हणाला. "चढ दिसला की बसायचं."

"तुझ्या सासूला निदान धक्का मारायला जावई आहे," म्हातारा म्हणाला, पण हसला नाही.

ओरोझनं प्लग काढले. ठिणगी निळी, कडक पडत होती. मग पेट्रोलची नळी सोडवून इंजिन फिरवलं. धार यायला हवी तिथं नुसते बुडबुडे आले. पेट्रोलला जोरच नव्हता. तासभरानं, चहा पिऊन झाल्यावर, तीच नळी छान पिचकारी मारू लागली. ट्रक सुरू झाला, दोन वळणं चढला आणि पुन्हा तेच. ओरोझची हयात डिझेलच्या गाड्यांवर गेलेली. त्यानं डोकं खाजवलं आणि पंपावर ठपका ठेवला.

पंप शरद ऋतूत एल्चिबेकनंच खोलला होता. आतलं रबर स्वतः कापून बसवलं होतं.

"त्याला सगळ्याची घाई," तुर्सुनआली म्हणाले. "हलकं रबर घातलं असेल. खाली उतरलो की हा भंगारात देतो. मेला तो सुटला, निस्तरायला आम्ही."

एल्चिबेकचं घरात उघड असं दुसरं काही उरलंच नव्हतं. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याला त्याचे कपडे रीतीप्रमाणे वाटून टाकले, फाटके जाळले. राहिला होता तो ट्रक, आणि त्याचं काम चोख असे एवढं नाव. आता तेही भंगारात चाललं होतं.

बाळाच्या कपाळाला तिनं सवयीनं हात लावला. मागच्या आठवड्यात त्याला ताप होता, रात्रभर तिनं पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या. हात तिथंच थांबला. याच घाटात, झऱ्यापाशी, एल्चिबेक बॉनेट उघडून किटलीतलं पाणी आत ओतायचा. "तापलाय बिचारा, घडी बदलतो," म्हणायचा. पंपाला त्यानं जुन्या निळ्या शर्टाची बाही गुंडाळून बांधली होती.

आणि चाळिसाव्याच्या दिवशी सासऱ्यांनी ती बाही पंपावरून सोडवून आगीत टाकली होती. मेलेल्याचं वस्त्र घरात, गाडीत, कुठंही राहू नये म्हणून. ती दारात उभी राहून पाहत होती. तिलाही ते फडकंच वाटलं होतं.

बाळाला सीटवर उशीवर निजवून ती खाली उतरली. सुनेच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांकडं पाठ होणार नाही अशी, बाजूनं त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, रबर चांगलं आहे. पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते. ते पंपाला ओलं कापड बांधायचे."

म्हाताऱ्याला कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं, जणू ते दुसऱ्याचे होते.

बेर्मेत गाडीतून कापड घेऊन आली. कुठलंही फडकं चाललं असतं, तिला माहीत होतं; पण हात बाळाच्या उशीखालीच गेला. निळा शर्ट, एक बाही नसलेला. कुणाला देण्याजोगा नव्हता, म्हणून जाळायच्या ढिगातून तिला लपवता आला.

ओरोझ मेंढ्यांकडं बघू लागला. तुर्सुनआलींनी शर्ट ओळखला.

"हा कुठं होता?"

"बाळाच्या उशाखाली. त्याला बापाचा वास माहीत असावा म्हणून."

त्यांनी चाकूनं उरलेली बाही कापली, झऱ्यावर जाऊन स्वतः भिजवून आणली आणि लेकराला बाळोतं गुंडाळावं तशी पंपाला गुंडाळली.

"मी त्याला काय काय बोललो, बाळा," ते पंपाकडं बघतच म्हणाले. 'बाळा' कोणाला म्हटलं, ते तिला कळलं नाही.

ट्रक चढू लागला. अधूनमधून ते न सांगता थांबत, किटली घेऊन उतरत. भंगाराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

माथ्यावर गार वारा लागला. बेर्मेतनं उरलेला शर्ट बाळाखालून ओढून नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला. दुधाचा वास येत होता, बाळाचा. दुसरा कुठलाच नाही.

पुढं बॉनेटच्या फटीतून ओल्या बाहीची पातळ वाफ निघत होती. ती तिकडं बघत राहिली.